एका कान्याची जागा

लोणावळ्याला जाऊन आले म्हटल्यावर शेजारणींनी आधी चिक्की कुठं आहे ते विचारलं. चिक्की आणलीय, शेंगदाण्याचीही आणि तिळाचीही, पण आम्ही काही हवा खायला गेलो नव्हतो. मी साठीची, मराठी शिकवून निवृत्त झालेली मास्तरीण, आणि माझी फुपू, म्हणजे वडिलांची थोरली बहीण हलिमा, चौऱ्याऐंशीची. आम्ही दोघी कऱ्हाडहून निघालो ते नाणे मावळातल्या एका गावी जायला. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. फुपूनं बजावलंय, "नाव घातलंस तर लोक त्या एका गावाला शिव्या घालतील आणि आपल्या गावात हात झटकून बसतील." तिच्यापुढं माझं काही चालत नाही.

ते गाव एके काळी आमचं होतं. तिथं मुलाण्यांची चार घरं होती, त्यातलं एक आमच्या पणजोबांचं. देवीच्या जत्रेत बोकडावर पहिली सुरी फिरवायचा मान त्यांचा. स्वातंत्र्य आलं त्या सुमाराला दूरच्या शहरांतल्या मारामाऱ्यांच्या बातम्या मावळात येऊन पोचल्या आणि एका दुपारी गावानं ती चारी घरं पेटवून दिली. सगळे पळाले. पणजोबांचे पाय लुळे होते, ते आत राहिले. आजोबा पोराबाळांना बांधापलीकडं सोडून त्यांना उचलायला परत फिरले, तर तोवर घर पेटलं होतं. फुपू तेव्हा सात वर्षांची आणि माझे वडील कडेवरचे.

आमच्या घरात या गोष्टीवर कुणी बोलत नसे, आणि त्या गावातही बोलत नव्हते. फक्त एक झालं होतं. आसपासच्या सगळ्या गावांच्या जत्रेत मटण शिजतं आणि या एका गावात मात्र पुरणपोळी. आता गावच्या सरपंच आहेत उज्ज्वलाताई, बाहेरून लग्न होऊन आलेल्या, पस्तिशीच्या. त्यांना सांगितलं गेलं होतं की आपल्या देवीला गोडच चालतं. पण बाई चौकस. पलीकडच्या गावात तीच देवी बोकड घेते आणि आपल्याकडं तिला गोड कसं आवडायला लागलं, असं त्या विचारत सुटल्या. शेवटी एका म्हातारीनं सांगून टाकलं, सुरी फिरवायला मुलाणी राहिला नाही, आणि दुसऱ्याच्या हातात सुरी द्यायचा गावाला धीर झाला नाही. मग या बाईंनी कुठून कुठून चौकशा करून माझा फोन मिळवला.

गावानं आमच्या जागेवर एक दगड उभा करायचं ठरवलं होतं. जत्रेच्या दिवशी फुपूच्या हस्ते त्याच्यावरचं कापड काढायचं. दगडावरचा मजकूर त्यांनी मला फोनवर पाठवला, "बाई, शुद्धलेखन तेवढं बघा." मी बघितलं. 'कुटूंब'चा दीर्घ ऊकार ऱ्हस्व केला, एक अनुस्वार वाढवला, आणि खाली अंगठा उमटवून दिला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे.

लोणावळा, शनिवार

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली. फुपूला खिडकी हवी असते ती पाट्या वाचायला. ती तिशीत माझ्याच पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकली. अजूनही अक्षरावर बोट ठेवल्याशिवाय तिला वाचता येत नाही, आणि गाडीतून बोट पोचत नाही म्हणून ती काचेवर ठेवते. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव. घोरावाडीला तिनं विचारलं, "इथं लोक फार घोरतात का गं?" समोरच्या बाईचा हसताना डबा सांडता सांडता वाचला.

लोणावळ्यात स्टेशनजवळच एका लॉजवर उतरलो. खाली चिक्कीचं दुकान. चव बघा म्हणून मालकांनी तुकडा दिला तर फुपू म्हणाली, "आधी दात द्या, मग चिक्की द्या." त्या माणसानं आत जाऊन चुऱ्याची पुडी आणली आणि पैसे घेतले नाहीत. तिच्यावर लोक असे भराभर लुब्ध होतात. मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, मला कुणी चुरा दिला नाही.

संध्याकाळी रिक्षा करून खंडाळ्याला दरीच्या कडेवर गेलो. तुम्ही गेला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, भाजलेली मक्याची कणसं, घोडे, फोटोसाठी दात विचकणारी मंडळी, आणि त्यांच्या मागं ती प्रचंड दरी जिच्याकडं पाठ करूनच सगळे उभे असतात. फुपू मात्र दरीकडं तोंड करून कठड्याला टेकली.

"हितनंच उतरलो," ती म्हणाली. तिथं आल्यापासून तिच्या बोलण्यात मावळ डोकावायला लागलं होतं. "रेल्वेच्या कडंकडंनं. आई पुढं, अब्बा मागं. अब्बा सारखे मागं वळून बघायचे. मी म्हटलं, दादा येतायत का मागून. तर त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच."

दादा म्हणजे तिचे आजोबा, माझे पणजोबा. मी तिला कणीस देऊ केलं. तिनं ते हातात धरलं आणि विसरली.

"शमे, मला तो दगड नि फुलं काही नकोत," ती म्हणाली. "मला एकच विचारायचंय. दादा हाका मारत होते का, आणि कुणाला. आम्हांला मारत असतील आणि आम्ही चाललो असू, तर ते मला कळायला हवं. तिथं जो होता त्यालाच ते ठाऊक. तो एक तरी जिवंत असेल म्हणून मी आले."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं, याची लाज वाटली.

गाव, रविवार

सकाळी कामशेतला उतरलो. तिथून उज्ज्वलाताईंनी जीप पाठवली होती. चैत्रातला मावळ पावसाळी सहलीवाल्यांनी पाहिलेला नसतो. धबधबे आटलेले, डोंगर तांबूस, आणि करवंदाच्या जाळ्यांना हिरवी करवंदं लगडलेली. फुपू खुशीत होती. ड्रायव्हरला प्रत्येक ओढ्याचं नाव विचारत होती आणि त्यानं सांगितलेलं चुकीचं आहे असं त्याला सांगत होती.

एका वळणावर धूर आला. दोन्ही बाजूंच्या खाचरांत जमीन धुमसत होती. फुपूनं पदर नाकाला लावला आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि गाडी थांबवली.

"राब भाजत्यात, मावशी," तो म्हणाला. "भाताची रोपं टाकायच्या आदी शेण न् पाला पसरून भाजत्यात. दर वर्साचंच हाय."

"ठाऊक आहे," फुपू म्हणाली. "मीही भाजलाय. चल तू."

गावाच्या वेशीवर हलगी होती. मला वाटलं आता फुपू वैतागणार, पण तिनं हलगीवाल्याला जवळ बोलावून त्याचं आडनाव विचारलं आणि त्याच्या आजाचं नाव बरोबर सांगितलं. झालं, गाव पाघळलं. बायकांनी तिचे गाल कुरवाळले. गावातली पोरं तिच्याकडं फार आशेनं बघत होती. मला वाटलं आदर असेल. उज्ज्वलाताई हळूच म्हणाल्या, "त्यांना वाटतंय मुलाणी आले म्हणजे उद्यापासून मटण सुरू."

जेवण ताईंच्या घरी. इंद्रायणी तांदळाचा मऊ भात, कटाची आमटी, नाचणीची भाकरी. आमच्याकडं कऱ्हाडला भात शेवटी येतो आणि ताटात जागा असेल तर येतो. इथं तो आधी येतो, मधे येतो आणि उठताना परत येतो. ओसरीवर ताईंचे आजेसासरे बसलेले, कोंडिबा आबा. वय फुपूहून दोन वर्षांनी जास्त. त्यांनी हात जोडले, फुपूनं जोडले, आणि आबा खाली बघत राहिले. लहानपणी दोघं एकत्र करवंदं तोडायची, हे मला फुपूनंच सांगितलं.

दुपारी दगड बघायला गेलो. रीतसर कापड सोमवारी निघणार, पण फुपूला कोण थांबवणार. आमची जागा म्हणजे नुसता सपाट तुकडा, आजूबाजूला सिमेंटची घरं उठली तरी तो तसाच. "तितं कोन बांधीत न्हाई," बरोबरची एक बाई म्हणाली. मधोमध काळा दगड. फुपूनं कापडाचं टोक वर केलं आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"या जागी मुलाणी कुटुंबांची चार घरे होती." बोट खालच्या ओळीवर गेलं. "ती आगीत जळाली." तिथं ते थांबलं. पुढं 'त्यात एक वृद्ध गेले, गाव त्यांचे स्मरण ठेवते' असं होतं, पण ती पुढं गेलीच नाही.

"जळाली?" ती म्हणाली.

तिनं वळून आमच्या सगळ्यांकडं बघितलं.

"चूल राहिली होती का आमची पेटती? का दिवा कलंडला?" तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दूध उतू जातं तशी जळाली का घरं?"

तीस वर्षं मी फळ्यावर लिहून शिकवलंय. दिवा जळतो. माणूस कागद जाळतो. जळायला कुणी लागत नाही, जाळायला लागतं. ज वर काना द्यायचा तो ळ वर गेला, एवढाच फरक. आणि मी त्या ओळीवरून डोळे फिरवून कुटुंबाचा ऊकार दुरुस्त केला होता.

"फुपू, चूक माझी आहे," मी म्हटलं. "मजकूर मी तपासलाय."

"तू लिहिलास का?"

"नाही."

"मग गप बस."

देवळात माणसं जमली. फुपूला खुर्ची दिली, ती जमिनीवरच बसली. कुणी सुचवलं, "बाहेरून आलेल्या लोकांनी जाळली" असं घालू. फुपूनं विचारलं, "बाहेरच्यांना कसं कळलं मुलाण्यांची घरं कोणती ते?" मग कुणी म्हणालं, काही समाजकंटकांनी. ती म्हणाली, हा शब्द मला वाचता यायचा नाही, सोपा सांगा.

पंचायतीतला बाळासाहेब म्हणून एक चाळिशीचा माणूस उठला. कंपनीत सुपरवायझर आहे, बोलणं शहरी. "मावशी, राग मानू नका. आम्ही तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो. माझी पोरं शाळेत जाताना रोज हा दगड वाचणार. आपल्या गावानं जाळली असं त्यांनी वाचायचं, तर त्यांनी काय केलंय?"

मला त्याचं पटलं, खोटं कशाला सांगू. फुपूलाही पटलं असावं, कारण तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला.

"तुझ्या पोरांनी काही केलं नाही, बाबा. तूही नाही. मला कुणाचं नाव नकोय, शिक्षा नकोय. पण तुम्ही 'जळाली' लिहिलंत म्हणजे तिथं कुणी नव्हतंच. आणि कुणीच नव्हतं तर मी माझ्या दादांचं विचारू कुणाला? आगीला?" ती माझा हात धरून उठली. "उद्या दहापर्यंत शब्द बदललात तर मी येते. नाही बदललात तरी तुमच्यावर राग नाही. अकराच्या गाडीनं जाईन. परत यायला मात्र मला आयुष्य उरलेलं नाही."

कोंडिबा आबा खांबाला टेकून बसले होते. सबंध दुपारभर ते एक शब्द बोलले नाहीत. जीपमध्ये बसेपर्यंत आम्हाला सोडायला सगळं गाव आलं, ते आले नाहीत.

गाव, सोमवार

सकाळी सातलाच फुपूनं लॉजवर पिशवी भरून ठेवली. चहा घेतला नाही. मी चिडचिड करत होते, स्वतःवर, आणि ती तिच्यावर काढत होते. एका काळ्या दगडासाठी म्हातारीला इतक्या लांब आणायचंच कशाला, वगैरे. ती म्हणाली, "तू नाही आणलंस. मी आले." मग आम्ही दोघी खिडकीतून मालगाडी बघत बसलो. डबे मोजताना दोघींचे आकडे वेगळे आले आणि त्यावरून पुन्हा भांडलो.

आठला फोन वाजला. उज्ज्वलाताई. मागं छिन्नीचा आवाज.

"बाई, काल तुम्ही गेल्यावर सांजच्याला परत सगळे बसले," त्या म्हणाल्या. "बाहेरचेच होते, बाहेरचेच होते, असं सगळे म्हणत होते. मग आबा बोलले. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांना चार माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, 'भाईरचं कोन बी न्हवतं. माझा बा व्हता. मी बांदावनं बगत व्हतो. आमी जाळली.' बाळासाहेब उठून निघून गेले. बाकीच्यांनी हात वर केले."

"मग?"

"मग पाथरवटाला आणलं. तो म्हणतो, दगडात काना घालता येतो, काढता येत नाही. म्हणून त्यानं ती अख्खी ओळ तासून काढली आणि त्याच जागी नव्यानं कोरतोय. पण बाई, एक घोळ झालाय. त्यानं आबा बोलले तसंच घातलंय. 'ती आमी जाळली.' आमी. म ला ह नाही जोडलेला. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला खुपेल. परत तासायला सांगू का?"

मी आयुष्यभर 'आमी'वर लाल शाईची गोल रेघ मारली आहे. त्या रेघांनी किती पोरांना बोलायचं बंद केलं असेल देव जाणे.

"हात लावू नका," मी म्हटलं. "ते बरोबर आहे."

दहाच्या आत आम्ही पोचलो. कापड निघालं. तासलेली ओळ बाकीच्यांपेक्षा बोटभर खोल गेली होती. फुपूनं बोट ठेवून वाचली, एकदा आणि परत एकदा. मग तिनं पदरानं दगडावरची भुकटी पुसली.

उज्ज्वलाताईंच्या हातात माईक होता. त्या फार भारावलेल्या. "हलिमामावशींनी आज गावाला माफ केलं, असं मी त्यांच्या वतीनं..." असं त्यांनी सुरू केलं आणि फुपूनं त्यांच्या दंडाला हात लावला.

"बाळ, तू गुणाची आहेस, पण ते माझ्या वतीनं नको. गावाला माफी देता येते का ते मला कळत नाही. गाव केवढं मोठं. मी इथं बसते. ज्याला यायचंय त्यानं शेजारी येऊन बसावं."

चटई टाकली. आधी कुणी हलेना. मग हलगीवाला येऊन बसला, मग एक लेकुरवाळी, मग पोरांचा घोळका. फुपू प्रत्येकाला घर दाखवत होती. इथं चूल. इथं शेळी. इथं माझा भाऊ रांगायचा. पोरं मान वळवून त्या मोकळ्या जमिनीकडं बघत, तिथं खरंच काही असल्यासारखी. बाळासाहेब लांब मोटारसायकलला टेकून उभे होते. ते जवळ आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

शेवटी कोंडिबा आबा आले, नातसुनेच्या खांद्यावर हात टाकून. खाली बसायला त्यांना बराच वेळ लागला. बसल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हलिमे, माफ कर म्हनायला बी तोंड न्हाई मला," ते म्हणाले.

"मग नको म्हणूस. मला सांग. तू बघत होतास ना? दादा हाका मारत होते का?"

मी फुपूचा हात धरला.

"वरडलं न्हाईत," आबा म्हणाले. "माजा बा दारात व्हता. त्याला नावानं हाक मारली. म्हनले, 'सखाराम, पोरं निगाली का?'"

"मग?"

"बा म्हनला, 'व्हय, निगाली.' मंग त्येंनी पुन्यांदा काय इचारलं न्हाई."

"आणि तुझ्या बापानं?"

आबा जमिनीकडं बघत राहिले. "बानं भाईरनं दार वडून घेतलं."

फुपू रडली. मी तिला माझे वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी रडली, आणि आबा शेजारी बसून होते, त्यांनी तिला हात लावला नाही की उठूनही गेले नाहीत. खूप वेळानं तिनं डोळे पुसले.

"निघाली म्हणून सांगितलं, त्यासाठी तुझ्या बापाला माफ केलं मी," ती म्हणाली. "दादा बिनघोर गेले. पण दाराचं मला जमायचं नाही, कोंडिबा."

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"दाराचं म्या मागतच न्हाई," ते म्हणाले.